हौसाक्काची जपानी चटणी

“चाचा, रंधा उचला. वर उचला म्हंते न्हवं. ते लाकूड न्हाई, मासा हाय त्यो.”

मिरजेतल्या आमच्या गल्लीत भर दुपारी हौसाक्का असं ओरडत धावत सुटली. एका पायात चप्पल होती, दुसरी मागं नळापाशीच राहिली होती आणि दोन्ही हात कोपरापर्यंत लालभडक होते. परका माणूस असता तर त्यानं आधी पोलिसांना फोन लावला असता आणि कारण मग विचारलं असतं. आम्ही गल्लीतले, त्यामुळं आम्हाला माहीत होतं की ते रक्त नाही, ब्याडगी मिरची आहे, आणि रक्तापेक्षा तिलाच जास्त भ्यायचं असतं.

समोरच्या दुकानात दस्तगीरचाचांनी रंधा थांबवला. चाचा तंबोरे करणारे, घराण्यातली तिसरी पिढी. शिकंज्यात त्यांनी वीतभर लांबीचा, काळपट, केळ्यासारखा किंचित बाक असलेला एक ठोकळा धरला होता. त्यांनी ठोकळ्याकडं पाहिलं, मग आक्काकडं पाहिलं.

“आक्का, मासा असता तर मऊ असता. हे मी ठोकून बघितलंय. सुरात वाजतंय.”

“वाजू द्या की. वाजणाराच मासा हाय त्यो. जपानचा हाय.”

रंध्याच्या तोंडातून एकच सालपट बाहेर आलं होतं, कांद्याच्या पापुद्र्याइतकं पातळ. चाचांनी ते नाकाला लावलं आणि पुन्हा पुन्हा हुंगलं. तोवर गल्लीतली सातही मांजरं पायरीवर ओळीनं येऊन बसली होती, मैफलीला बसतात तशी, पुढचे पाय जुळवून.

“तरीच म्हटलं,” चाचा म्हणाले, “लाकडाला मांजरं कवापासून दाद द्यायला लागली.”

मी हे सगळं समोरच्या माडीच्या खिडकीतून पाहत होतो. मी तिथं भाड्यानं राहायचो, शाळेत शिकवायचो, म्हणून सगळी गल्ली मला मास्तर म्हणायची. आक्काच्या अनेक भानगडी मी त्या खिडकीतून पाहिल्या. पण माशाची भानगड कळायला आधी आक्का कळली पाहिजे.

हौसाक्काचा डंका होता. डंका म्हणजे चटणी कुटायचं यंत्र. विजेवर चालणारी सहा लोखंडी मुसळं, एक वर गेलं की दुसरं खाली. फेब्रुवारीपासून मेअखेरपर्यंत अर्धं शहर आणि पंचवीस खेडी तिथं मिरच्या घेऊन यायची. त्या चार महिन्यांत आमच्या गल्लीवरून कावळे उडत नसत. चुकून एखादा आलाच तर शिंकत शिंकत थेट स्टेशनपर्यंत जायचा. मी सहा वर्षं शाळेत डोळे पुसत शिकवलं. पोरांना वाटायचं मास्तर फार हळवे आहेत, आणि त्या समजुतीवर मी दोनदा आदर्श शिक्षक झालो.

आक्काच्या हातांत तीस वर्षांची मिरची मुरली होती. तिला डास चावत नसे. एकदा चावला, तो भिंतीवर जाऊन बसला आणि त्यानं पाणी मागितलं. नगरसेवकपदाच्या एका उमेदवारानं प्रचारात तिच्याशी हात मिळवला, पुढं चौकात जाऊन सहज डोळा चोळला आणि भाषणभर घळाघळा रडला. लोक म्हणाले, किती कळवळ्याचा माणूस आहे. निवडून आला. पुढच्या निवडणुकीला तिघं उमेदवार आक्काशी हात मिळवायला रांगेत उभे होते. आक्का म्हणाली, “आधी गटार दुरुस्त करा, मग रडवते.”

भर दुपारी एक चोरही शिरला होता तिच्या डंक्यात. घरात कुणी नव्हतं. त्यानं तिजोरी समजून मिरचीपुडीचं पिंप उघडलं. आक्का बाजारातून आली तेव्हा तो दारातच बसला होता, डोळ्यांवर ओला टॉवेल, आणि म्हणत होता, “मावशे, काय करायचं ते कर, पण आधी ताक दे.” तिनं ताक दिलं. दोन पेले दिले. मग पोलिसात दिला.

यातलं काही मी वाढवून सांगतोय असं वाटत असेल तर मिरजेत जाऊन विचारा. तिथले लोक याहून जास्त सांगतील.

तिच्या जिभेचं मात्र वाढवून सांगायची सोय नाही. मिरची दातांत धरून ती सांगायची की ही संकेश्वरी, ही गुंटूरची, आणि या पोत्याच्या तळाला गेल्या सालचा माल दडवलाय. फक्त एक गोष्ट त्या जिभेला कळत नसे. तिखट. लवंगी मिरची ती काकडीसारखी खायची आणि म्हणायची, “गोड हाय की गं.” तिच्या हातचं पिठलं खाऊन मी एकदा अर्धा तास नळाखाली तोंड धरून बसलो होतो. ती शेजारी उभी राहून विचारत होती, “मास्तर, अळणी झालं का वो?”

आणि डंक्याचा एक नियम होता. मिरची, धने, खोबरं, तीळ, मसाला, यापलीकडं त्यात काही जायचं नाही. दुसऱ्या डंक्यांवर बायका आपापल्या घाण्यापाशी डोळ्यांत तेल घालून बसतात, आपली चटणी दुसरीच्या चटणीत मिसळेल म्हणून. आक्काकडं बायका मिरच्या ओतायच्या आणि भिंतीला टेकून झोपायच्या. चौगुलेकाकू जैन, त्यांच्या घरात कांदा-लसूणसुद्धा चालत नाही. त्यांची नुसती मिरची आक्का सकाळी सगळ्यात आधी, धुतलेल्या डंक्यात कुटायची. काकू वीस वर्षं तिथं येऊन घोरल्या. एकदा एक गडी पिशवीत सुकट घेऊन आला, चटणीत घालून कुटून द्या म्हणाला. सुकट म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी. आक्कानं त्याला रस्त्याच्या टोकापर्यंत पोचवला, आणि जिथं पिशवी टेकली होती ती फरशी तीनदा धुतली. ती स्वतः सुकट आवडीनं खायची. पण चुलीवर. डंक्यात नाही.

चाचांचं आणि तिचं भांडण वीस वर्षं चाललं होतं. डंका सुरू झाला की चाचांच्या दुकानात टांगलेले सगळे तंबोरे आपोआप घुमायला लागायचे. चाचा म्हणायचे, “आक्का, तुझ्यामुळं माझं काम बिघडतंय.” पण ज्या दिवशी वीज जायची त्या दिवशी चाचा पायरीवर येऊन अस्वस्थ बसायचे, कारण डंका थांबल्यावर त्यांना षड्ज सापडत नसे.

अशा घरात सुजाता सून म्हणून आली. माहेर औंधचं. मिरजेत नर्सिंग शिकली, जपानी शिकली आणि जपानमधल्या एका वृद्धाश्रमात चार वर्षं नोकरी करून आली. आक्काचा मुलगा विनायक खंडाळ्याच्या एका कारखान्यात होता, शनिवारी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. बाकीचे दिवस सासू आणि सून. सासू अशी की दूधवाल्याशी बोलली तरी कोल्हापुरात ऐकू जावं. आणि सून अशी की दिवसाला चार शब्द, त्यातले तीन ‘चालेल’.

“सुजाता, वांगं करू का भेंडी?”

“चालेल, आत्या.”

आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. त्या ‘आत्या’मध्ये ना राग ना लोभ. आक्का माझ्याकडं येऊन म्हणायची, “मास्तर, तुमी शिकलेलं. ही खूश हाय का नाराज, कसं वळखायचं वो? मिरची असती तर दातात धरली असती.”

सुजाताला दिवस गेले आणि आक्काच्या जिवाला घोर लागला. डोहाळे. गर्भारशीला जे खावंसं वाटतं ते मिळालं नाही तर बाळाची लाळ गळते, हे आक्काला डॉक्टरांपेक्षा पक्कं माहीत होतं. तिनं विचारायला सुरुवात केली. कैरी? चालेल. चिंच? चालेल. आक्कानं जिलेबी आणली, पेरू आणले, भट्टीची माती आणली, एका रविवारी विनायकला पाठवून महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आणवली. सुजाता प्रत्येकातलं दोन घास खायची, ‘छान आहे’ म्हणायची आणि ताट सरकवायची. सातवा महिना लागला, डोहाळजेवण ठरलं, आणि आक्काला सुनेचा एकही डोहाळा सापडला नव्हता.

“कायतरी माग गं बाई,” ती म्हणायची. “हत्ती माग. सांगलीत मिळंल.”

याच दिवसांत ट्रंक आवरताना तिला सुजाताच्या कपड्यांत, जपानी वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो ठोकळा सापडला. दगडासारखा टणक, वजनाला हलका, टिचकी मारली की खणखणीत. आक्काला वाटलं, जपानातलं चंदनाच्या तोलाचं लाकूड असणार. सुनेला न सांगता बाळासाठी याचाच खुळखुळा करून घेऊ, डोहाळजेवणाला देऊ, तेव्हा तरी पाचवा शब्द बोलंल. आणि तिनं तो चाचांना नेऊन दिला.

त्याच दुपारी सुजातानं ट्रंक उघडली, बराच वेळ उचकली आणि बाहेर येऊन, लग्नाला दोन वर्षं झाल्यावर पहिल्यांदा, आपण होऊन एक वाक्य बोलली.

“आत्या, माझा मासा कुठं आहे?”

“कसला मासा?”

“लाकडासारखा दिसतो तो. मला आज त्याचं सूप प्यावंसं वाटतंय.”

पुढचं सुरुवातीला सांगितलंच आहे.

मासा घरी परत आला. चाचा स्वतः घेऊन आले, रुमालात, दोन हातांवर. तेव्हा सुजाता थोडं बोलली. वृद्धाश्रमात एक आजोबा होते, तिच्या लग्नाचं कळल्यावर त्यांनी तो दिला होता. तिकडं लग्नात हा मासा देतात. महिनोन् महिने धूर देऊन, वाळवून, लाकडासारखा करतात, मग त्याची रंध्यावर सालपटं काढतात. त्याबरोबर समुद्रातलं एक वाळलं शेवाळ आणि वाळली अळंबी. सगळं भाजून कुटायचं. उकळत्या पाण्यात दोन चमचे, त्यात नूडल्स.

“म्हंजे चटणीच की,” आक्का म्हणाली.

“चटणीच. पण तिखट नाही. जराही नाही, आत्या. तिखट लागलं की त्याची चव जाते.”

“मग कसली चव असती त्याला?”

सुजातानं विचार केला. “आजारातनं उठल्यावर पहिल्यांदा भूक लागते ना, तशी.”

आक्कानं आपल्या हातांकडं पाहिलं. एकच मासा. दुसरा आणायचा तर जपान. आणि कुटायचा कुणी, तर जिच्या हाताला लागलेलं पाणीसुद्धा तिखट होतं तिनं.

शेवाळाची पट्टी ट्रंकेतच निघाली. आक्कानं ती डंक्याचा जुना पट्टा समजून बाजूला ठेवली होती, नशीब की बसवून बघितली नव्हती. अळंबी बाजारातून आणून माझ्या गच्चीवर वाळत घातली, कारण आक्काच्या गच्चीवर वाळलेला टॉवेलसुद्धा अंगाला झोंबायचा. चाचांनी रंध्याचं पातं नवं लावलं. सकाळपासून दुपारपर्यंत ते सालपटं काढत होते, गुलाबी, पारदर्शक, फुंकर मारली तर उडतील अशी. मांजरांची संख्या सातावरून चाळीसवर गेली. त्यात दोन सांगलीची होती.

“आता डंका धुऊन घे आणि त्यात घाल,” चाचा म्हणाले. “पाच मिनिटांचं काम.”

आक्का डंक्याच्या दारात उभी राहिली. बाहेर एप्रिलची रांग होती, पोत्यांवर पोती. सुनेचा एकुलता डोहाळा हातात आणि सहा मुसळं समोर तयार. तिच्या मनात काय आलं असेल ते मला दिसत होतं, कारण आक्काला मनातलं तोंडावर न आणणं कधी जमलंच नाही.

“चौगुलेकाकू वीस वर्षं हितं घोरत्यात,” ती शेवटी म्हणाली. “त्यांची झोप न्हाई मोडायची मला.”

मग तिनं डंक्याचं बटण बंद केलं आणि रांगेकडं वळली. “दोन दिवस डंका बंद. हातानं कुटायचं काम निघालंय.”

ऐन हंगामात डंका बंद म्हणजे काय हे ज्याला कळत नाही त्यानं कधी चटणी खाल्ली नसावी. रांगेत असा गलका उठला की चाचांचे तंबोरे आपोआप घुमले. पण कारण डोहाळे आहेत हे कळल्यावर त्याच बायका पोती तिथंच टाकून पदर खोचून आत आल्या. चौगुलेकाकू सगळ्यांत पुढं.

“हौसा, मासा मी बघणार नाही. अळंबी आमच्यात चालत नाही. मी पाठ करून बसते आणि शेवया करते. नूडल म्हणजे शेवयाच ना?”

त्या खरंच पाठ करून बसल्या आणि सायंकाळपर्यंत शेवया केल्या. मागं काय चाललंय ते दर पाच मिनिटांनी विचारत राहिल्या.

खरी लढाई हातांची होती. आक्कानं हात बेसनानं धुतले, ताकानं धुतले, लिंबानं, खोबरेल तेलानं, चाचांकडच्या पॉलिशच्या स्पिरिटनं धुतले. प्रत्येक वेळी स्वतःच्या डोळ्याला बोट लावून बघायची आणि डोळा भरून यायचा. पाचव्यांदा पाणी आलं नाही. पण आता हात धुतला गेला की डोळाच मेला, हे तिला कळेना.

“मास्तर,” तिनं खालून हाक मारली, “जरा डोळा घेऊन या.”

मी गेलो. आक्काला नाही म्हणणारा माणूस मिरजेत जन्मलेला नाही, आणि मी तर बाहेरचा. पहिल्या दिवशी माझा डावा डोळा तीनदा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी उजव्याला बोट लावलं तर नुसता गारवा. मी म्हटलं, “आक्का, काहीच नाही.” तर ती लग्नात नाचतात तशी अंगणात नाचली.

मग तुळशीमागं पालथं पडलेलं दगडी उखळ सरळ केलं, धुतलं, पुसलं. तिच्या सासूचं उखळ. डंका यायच्या आधी त्या घरातली चाळीस वर्षांची चटणी त्यात कुटली गेली होती. आक्कानं मुसळ उचललं. तीस वर्षांत पहिल्यांदा ती हातानं कुटत होती. आवाज इतका हळू होता की गल्लीतली माणसं काय झालं म्हणून बघायला बाहेर आली. सालपटं, शेवाळ, अळंबी, मीठ. चाळून, परत कुटून, परत चाळून. करड्या रंगाची पूड निघाली, बरणीभर. आक्कानं चिमूट जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले.

“आजारातनं उठल्यावानी,” ती पुटपुटली. “व्हय. अगदी तसंच.”

डोहाळजेवणाच्या दुपारी, हिरव्या साडीतल्या सुजातापुढं वाडगा आला. गरम पाणी, दोन चमचे पूड, चायनीजच्या गाडीवाल्याकडून आणलेला सोया सॉस, चौगुलेकाकूंच्या शेवया, वर कांद्याची पात. विनायक खंडाळ्याहून रजा टाकून आला होता. पंचवीस बायका, चाचा, मी, आणि कुंपणावर मांजरं. ओटी भरायचं कुणाला सुचेना. सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते.

सुजातानं एक घोट घेतला. थांबली. दुसरा घेतला. मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ती पीत राहिली आणि पाणी गालांवरून वाडग्यात पडत राहिलं. वाडगा दोन्ही हातांनी उचलून तळापर्यंत प्यायली, खाली ठेवला, आक्काला वाकून नमस्कार केला आणि आत जाऊन झोपली.

“आजोबांची आठवण आली पोरीला,” बायका म्हणाल्या.

पातेल्यात उरलेलं सूप चाचांनी पेल्यात घेतलं. एक घोट घेतला आणि त्यांना असा ठसका लागला की टोपी पडली. बोलता येईना तेव्हा त्यांनी नुसतं बोट दाखवलं. उखळाकडं.

आक्कानं उखळाकडं पाहिलं. दोन दिवस सगळ्यांनी हात तपासले होते. दगड कुणी तपासला नव्हता. चाळीस वर्षांची मिरची प्यालेला दगड, आणि चव बघणारी जीभ कुणाची, तर जिला लवंगी गोड लागते तिची.

मी पुढं त्याच महिन्यात बदली होऊन साताऱ्याला आलो. जाताना आक्कानं चटणीचा डबा दिला होता. तो अजून संपलेला नाही, संपवायची माझी हिंमत नाही. पण डोळ्यापुढं आक्का येते ती त्या संध्याकाळची. बायका गेल्या होत्या. अंगणात पालथ्या घातलेल्या उखळावर ती बसली होती, पुढ्यात बेसनाचं पातेलं, आणि स्वच्छ झालेले हात पुन्हा पुन्हा धूत होती. शेजारी बरणी. चाचा पायरीवर होते. विनायकनं काहीतरी समजावलं, ते तिला ऐकूच गेलं नाही.

“एकच डोहाळा मागितला पोरीनं,” ती हातांना म्हणाली. “त्यातबी मिरची घातली मी.”

दार वाजलं. सुजाता झोपेतून उठून बाहेर आली, केस सुटलेले, नाक अजून लाल. आक्काची मान वर होईना, म्हणून चाचांनीच विचारलं, “बेटी, जमलं का गं तुझ्या सासूला?”

सुजातानं बरणी उचलली, झाकण घट्ट लावलं आणि म्हणाली,

“तिखट होतं. रात्रीला पण तेच करा, आत्या.”